मोठ्यांचा ड्रॉइंगचा तास

महाराष्ट्रात मोठ्या माणसांनी पद्धतशीर चित्रकला शिकायला सुरुवात केली, ती बऱ्याच अंशी मुलांना शिकवता यावी म्हणून. त्याआधी हे शिक्षण घराण्यात किंवा अंगणात होत असे. पिंगुळीच्या चित्रकथींची पोथी बापाकडून मुलाकडे जाई. वारल्यांच्या लग्नात सवाष्णी भिंतीवर चौक लिहीत आणि पोरीबाळी शेजारी बसून पाहत. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये निघाले. तिथे १८७९ मध्ये रेखाटन हा स्वतंत्र विषय झाला आणि १८९३ मध्ये चित्रकला शिक्षक तयार करणारा अभ्यासक्रम सुरू झाला. गावोगावच्या शाळांतला ड्रॉइंग मास्तर या अभ्यासक्रमातून आला. प्रौढ माणूस पेन्सिल हातात धरायला नव्याने शिकतो आणि लगेच ती मुलांच्या हाती देतो, ही रीत तेव्हापासूनची आहे.

शिकवण्याची पद्धत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनवरून आली होती. आधी छापील नमुन्यावरून नक्कल, मग ठोकळे आणि भांडी, आणि शेवटी निसर्ग असा तिचा क्रम. ती रुक्ष होती हे खरे, पण तिने मोठ्या माणसाला एक खात्री दिली. चित्र काढायला दैवी देणगीच लागते असे नाही, डोळ्याला वळण लावता येते. हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि टोकापासून अंगठ्यापर्यंतच्या अंतरात तांब्याची उंची पकडायची. तेच अंतर रुंदीत किती वेळा बसते हे पाहायचे. शिकाऊ हात तांब्याचे तोंड गोल काढतो, कारण ते गोल आहे हे डोक्याला ठाऊक असते. डोळ्याला मात्र ते लंबगोल दिसत असते. तळ तो सरळ रेघेने काढतो, कारण तांब्या जमिनीवर सपाट टेकला आहे हेही त्याला ठाऊक असते. डोक्याला ठाऊक असलेले बाजूला सारून डोळ्याला दिसणारे कागदावर आणणे, हाच मोठेपणीच्या शिक्षणातला सर्वांत अवघड भाग आहे.

नाशिक जिल्ह्याचे जे. जे.शी नाते जुने आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये जे. जे.मध्ये दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. चाळिशीत त्यांनी चित्रपटाचे तंत्र पहिल्यापासून शिकून घेतले. ‘कालिया मर्दन’ या १९१९ च्या चित्रपटात त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मोठेपणी कमावलेली विद्या घरातल्या मुलांना सोबत घेऊन फुलते, याचे याहून ठळक उदाहरण जिल्ह्यात दुसरे नाही.

नाशिक शहराच्या पश्चिमेला जाणारा गंगापूर रोड याच काळात शिक्षणाचा रस्ता होऊ लागला होता. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ मध्ये स्थापन झाला. उदाजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये बसवली आणि खेड्यातल्या मुलांची शहरात राहून शिकण्याची सोय झाली. गोदावरीवरचे गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले, समाजाचे केटीएचएम महाविद्यालय १९६९ मध्ये उभे राहिले, आणि मळ्यांमधून जाणाऱ्या या रस्त्याला वसाहती लागल्या.

१९६५ हेच कला संचालनालयाच्या स्थापनेचेही वर्ष. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा संचालनालयाकडे आल्या आणि मराठी घरांत ‘ग्रेडची परीक्षा’ हा शब्द रुळला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन हे विषय पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी दिले. यांतला स्मरणचित्राचा कागद सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. बाजार, पाणवठा, गणपतीची मिरवणूक असा विषय मिळतो आणि समोर काहीच नसते, म्हणून आपण रोज काय पाहिले याचीच ती परीक्षा होते. पुढे शिकवण्याकडे वळणाऱ्यांसाठी दोन वर्षांचा आर्ट टीचर डिप्लोमा आहे. डी.एड. करणाऱ्यांनाही फलकलेखन आणि शैक्षणिक साहित्य करावे लागे. शाळेत चित्रकलेला घाबरलेली कितीतरी माणसे तिथे प्रथमच फळ्यावर झाड, बैल आणि नांगर काढायला शिकली.

मुलांच्या चित्रांकडे पाहण्याची दृष्टी मात्र उशिरा बदलली. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी वर्ग काढला आणि त्यांच्यापुढचे नमुने काढून घेतले. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या ग्रंथात बालचित्रांच्या अवस्था मांडल्या: आधी गिरगोट्या, मग ओळखू येणारे आकार, मग जमिनीच्या रेषेवर ओळीने उभे केलेले जग. सहा वर्षांचे मूल घराची भिंत काढते आणि आतली आजीही दाखवते, कारण आजी आत आहे हे त्याला ठाऊक असते. तांब्याचे तोंड गोल काढणारा मोठा माणूसही ठाऊक असलेलेच काढतो. मुलाला त्यात काही चुकले असे वाटत नाही, मोठ्याला वाटते, एवढाच फरक. दहाबाराव्या वर्षी ही चुकल्याची जाणीव येते आणि बहुतेकांची चित्रकला तिथेच थांबते. नव्याने शिकणारा आईबाप मुलाशेजारी बसतो तेव्हा तो नेमका त्या थांबलेल्या जागेवरून पुढे निघालेला असतो. म्हणून मुलाचा हात धरून रेघ ओढून देणे त्याने टाळावे. आपला कागद वेगळा ठेवावा आणि आपली खोडाखोड मुलाला पाहू द्यावी.

नाशिकमध्ये चित्रकलेच्या शिक्षणाला घर मिळाले ते नाशिक कला निकेतन ही संस्था आणि तिच्या चित्रकला महाविद्यालयामुळे. त्यामागे वा. गो. कुलकर्णी यांच्यासारखे शिक्षक होते. शिवाजी तुपे यांनी गोदाघाट, जुने वाडे आणि देवळे पेन्सिलीत नि जलरंगात आणली आणि घाटावर बसून चित्र काढण्याची नाशिकची सवय घट्ट केली. उघड्यावर काढलेले चित्र येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर घडते. पोरे पाठीमागे उभी राहून कोऱ्या कागदावर नारोशंकर मंदिराचे शिखर चढताना पाहतात. वर्गात महिनाभर सांगून जे पोचत नाही, ते इथे तासाभरात पोचते.

गंगापूर रोडवर आज या परंपरेला लागून दोन जागा आहेत. कुसुमाग्रज स्मारकातले छंदोमयी कलादालन चित्रप्रदर्शनांसाठी खुले असते. धरणाजवळचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून शाळा सुटलेल्या प्रौढांना पुन्हा शिक्षणाकडे आणते. शिकण्याचे वय उलटून जात नाही, हे तत्त्व त्याने राज्यभर रुजवले.

शाळांतली स्थिती मात्र ढासळली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, तेही पट शंभरावर असेल तर, कलाशिक्षणाचा अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. १८९३ मध्ये ज्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम उघडला, ते काम असे अर्धवेळ झाले. चित्रकला शिकलेले मोठे माणूस रोज शाळेत असल्याशिवाय ती मुलांपर्यंत पोचत नाही. गंगापूर रोडवरच्या शाळांनी आणि पालकांनी आपल्या शाळेसाठी पूर्णवेळ चित्रकला शिक्षकाचा आग्रह धरावा.