कोंबडा, कबुतरं आणि गोठलेली दोन पानं

ऑक्टोबर २०२२. मी तेव्हा चेन्नईत, ओएमआरवरच्या एका ऑफिसात होतो. निवडणूक आयोगाने शिवसेनेचं धनुष्यबाण हे चिन्ह नुकतंच गोठवलं होतं आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये आम्हा चार मराठी पोरांची त्यावरून जोरदार जुंपली होती. खरा पक्ष कुणाचा? आमदार जास्त त्याचा, की कार्यकर्ते जास्त त्याचा? समोर एक तमिळ सहकारी शांतपणे दहीभात खात बसला होता. आमचं भांडण त्याला कळत नव्हतं, पण बातमी माहीत होती. ताट उचलता उचलता तो म्हणाला, की हा पिक्चर आमच्याकडे तुम्हा सगळ्यांच्या जन्माआधी लागून गेलाय. त्यात एक कोंबडा होता आणि दोन कबुतरं.

आम्ही हसलो. पण माझ्या डोक्यात तो कोंबडा अडकला. पुढचे दोन वीकेंड त्यातच गेले. जयललिता म्हटलं की आपल्याला आठवतात पायावर लोटांगण घालणारे मंत्री, दहा हजार साड्या आणि अम्मा कॅन्टीन. या सगळ्याच्या आधी ही बाई एक निवडणूक हरली होती, १९८९ची. माझं मत असं झालंय की त्यांची सगळी कारकीर्द त्या हरलेल्या निवडणुकीतून निघाली. कशी ते सांगतो.

थोडी पार्श्वभूमी. एमजीआर, म्हणजे एम. जी. रामचंद्रन, तमिळ सिनेमाचे देव. १९७२ साली करुणानिधींशी बिनसलं म्हणून द्रमुकमधून बाहेर पडले आणि अण्णाद्रमुक काढला. १९७३च्या दिंडिगुल पोटनिवडणुकीत पक्षाला 'दोन पानं' हे चिन्ह मिळालं आणि ते असं चिकटलं की खेड्यातल्या माणसाला उमेदवाराचं नाव माहीत नसलं तरी चालायचं. पानं म्हणजे एमजीआर, विषय संपला. १९७७ पासून मरेपर्यंत तेच मुख्यमंत्री राहिले (मधले काही महिने राष्ट्रपती राजवटीचे). १९८४ची निवडणूक तर त्यांनी अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्ये पडून जिंकली!

जयललितांनी एमजीआरबरोबर २८ सिनेमे केले होते. १९८२ मध्ये त्या पक्षात आल्या, पुढच्या वर्षी प्रचार सचिव झाल्या, १९८४ मध्ये राज्यसभेत गेल्या. इंग्रजी फर्डं, पाठांतर जबरदस्त, सभेला गर्दी खेचणार. साहजिकच पक्षातल्या जुन्या खोडांना त्या अजिबात आवडत नव्हत्या. नटी आहे, साहेबांची मर्जी आहे तोवर चालेल, असा एकूण सूर.

२४ डिसेंबर १९८७ला एमजीआर गेले. वारस नेमला नव्हता. राजाजी हॉलमध्ये पार्थिव ठेवलं होतं, तिथे जयललिता उशाशी जाऊन उभ्या राहिल्या. दोन दिवसांत मिळून एकवीसेक तास. आजूबाजूचे लोक चिमटे काढत होते, ढकलत होते, असं त्यांनीच नंतर सांगितलं. अंत्ययात्रेच्या वेळी त्या तोफगाड्यावर चढायला गेल्या, तर त्यांना ढकलून खाली उतरवलं गेलं. हे सगळं गर्दीसमोर आणि कॅमेऱ्यांसमोर झालं. त्या ढकलणाऱ्यांना बहुतेक वाटलं असेल की आपण प्रश्न मिटवला.

आता पक्षाचे दोन तट पडले. एका बाजूला एमजीआरांच्या पत्नी जानकी. त्याही एकेकाळच्या अभिनेत्री, पण राजकारणाचा अनुभव शून्य. त्यांच्या मागे आर. एम. वीरप्पन यांच्यासारखे मातब्बर आणि बहुसंख्य आमदार. दुसऱ्या बाजूला जयललिता आणि तीसेक आमदार. राज्यपालांनी आकडे पाहिले आणि ७ जानेवारी १९८८ला जानकी मुख्यमंत्री झाल्या, तमिळनाडूच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. काँग्रेसने मात्र पाठिंबा द्यायचं नाकारलं.

२८ जानेवारीला विश्वासदर्शक ठराव आला. सभापती पी. एच. पांडियन जानकींच्या बाजूचे. त्यांनी जयललिता गटाच्या आमदारांना अपात्र ठरवून टाकलं. सभागृहात माइक, चपला, जे हाताला लागेल ते उडालं. पोलिस आत शिरले आणि आमदारांवर लाठ्या चालल्या. या गोंधळातच ठराव मंजूर झाल्याचं जाहीर झालं. दोनच दिवसांत, ३० जानेवारीला, केंद्राने सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लावली. जानकींचं मुख्यमंत्रिपद जेमतेम तीन आठवड्यांचं.

इथे जरा थांबून चिन्हाचा नियम बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. निवडणूक चिन्हांबाबत १९६८चा एक आदेश आहे, त्यातला परिच्छेद १५. पक्ष फुटला तर खरा पक्ष कोणता हे आयोग ठरवणार. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७१च्या सादिक अली खटल्यात बहुमताची कसोटी पक्की झाली : संघटनेत कुणाकडे जास्त माणसं आणि आमदार-खासदार कुणाकडे जास्त. वाद चालू असेपर्यंत चिन्ह गोठवायचं. म्हणून तर १९७१ साली बैलजोडी जाऊन इंदिरा गांधींच्या पक्षाकडे गाय-वासरू आलं.

आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. भांडण झालं की कोड दोघेही उचलून नेतात, ते सोपं असतं. जुनं नाव कुणी वापरायचं यावर खरी मारामारी होते, कारण वापरणारे नावाकडे बघून येतात. आणि नाव कुणाचं हे ठरवताना कोड लिहिणाऱ्यांची डोकी मोजतात, वापरणाऱ्यांना कुणी विचारत नाही. सादिक अलीची कसोटी बरोबर तशी आहे. त्यात मतदार कुठेच नाही.

१९८९च्या तमिळनाडूत मात्र अपघातानेच मतदाराला विचारलं गेलं. आयोगाने दोन पानं गोठवली. जयललिता गटाला कोंबडा मिळाला आणि जानकी गटाला दोन कबुतरं. दोघींच्या पोस्टरवर एमजीआर तेच, नाव जवळपास तेच. म्हणजे पहिल्यांदाच सवयीने पानांवर शिक्का मारून घरी जाण्याची सोय नव्हती. एमजीआरच्या माणसाला ठरवावं लागलं, की आपली कोण?

मतदान २१ जानेवारी १९८९ला झालं. लढत चौरंगी : करुणानिधींचा द्रमुक, मूपनारांच्या नेतृत्वाखाली स्वबळावर उतरलेली काँग्रेस आणि अण्णाद्रमुकचे हे दोन तुकडे. जानकींच्या सोबतीला साक्षात शिवाजी गणेशन होते, त्यांचा नवा पक्ष घेऊन.

जयललिता उभ्या राहिल्या बोडिनायक्कनूरला, वेलदोड्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी. जानकी गटाने त्यांच्यासमोर उभं केलं 'वेण्णिर आडै' निर्मला यांना. आता हे योगायोग बघा. 'वेण्णिर आडै' हा १९६५ सालचा जयललितांचा पहिला तमिळ सिनेमा आणि निर्मलाही त्याच सिनेमातून पुढे आल्या, म्हणून तर नावामागे सिनेमाचं नाव. चोवीस वर्षांनी त्या दोघी एकाच मतदारसंघात समोरासमोर. आणि निर्मलांसाठी राबणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांत एक होते ओ. पनीरसेल्वम. हेच पुढे जयललितांचे सगळ्यात विश्वासू, तीनदा मुख्यमंत्री झालेले ओपीएस!

माझ्या चेन्नईच्या घरमालकीणबाई योगायोगाने थेनीकडच्या, म्हणजे बोडीच्याच परिसरातल्या. त्यांना विचारलं. आंटींचं ते पहिलंच मत होतं. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, ते १८वर आलं दोन महिन्यांनी. घरात एमजीआरचा फोटो देवाशेजारी, वडील कबुतरवाले, कारण बायको ती बायको. आंटी आणि त्यांच्या आईने मात्र गुपचूप कोंबड्यावर शिक्का मारला. का, असं विचारल्यावर आंटींनी राजकारणातलं काही सांगितलं नाही. तोफगाड्यावरून ढकलून दिलेल्या बाईचा फोटो पेपरात बघितला होता, एवढंच म्हणाल्या.

निकाल लागला. द्रमुक १५० जागा, म्हणजे २३४ मध्ये दणदणीत बहुमत. करुणानिधी तेरा वर्षांनी पुन्हा मुख्यमंत्री. जयललिता गट २७, काँग्रेस २६. जानकी गटाच्या जागा मोजायला एका हाताची बोटंही जास्त झाली. स्वतः जानकी आंडिपट्टीत पडल्या, शिवाजी गणेशन तिरुवैयारूला पडले.

पण आपण इंजिनिअर लोक, जागांपेक्षा टक्केवारी बघू. द्रमुकला साधारण ३३ टक्के, जयललितांना २१, काँग्रेसला २०, जानकींना ९. पहिली गोष्ट : ज्या गटाकडे वर्षापूर्वी बहुसंख्य आमदार होते, त्याला दुसऱ्या गटाच्या निम्मीही मतं पडली नाहीत. दुसरी : २१ आणि ९ म्हणजे ३०, द्रमुकच्या अगदी शेपटाशी. पक्ष एक झाला तर काय होईल हे कुठल्याही पाचवीतल्या पोराला कळत होतं.

जानकींनाही कळलं. त्या शांतपणे राजकारणातून बाजूला झाल्या, फेब्रुवारीत दोन्ही गट एक झाले आणि पानं परत आली. या मोठेपणाबद्दल जानकींचं कौतुक फारसं कुणी करत नाही, ते व्हायला हवं. मार्चमध्ये मरुंगापुरी आणि मदुराई पूर्वच्या लांबलेल्या निवडणुका झाल्या. दोन्ही जागा दोन पानांना.

जयललिता विरोधी पक्षनेत्या झाल्या, तमिळनाडूतल्या पहिल्या महिला. २५ मार्च १९८९ला अर्थसंकल्पाच्या वेळी सभागृहात पुन्हा धुमश्चक्री झाली. आपली साडी ओढली, मारहाण झाली, असा आरोप करत त्या बाहेर पडल्या आणि आता मुख्यमंत्री म्हणूनच परत येईन असं म्हणाल्या. नक्की काय घडलं यावर दोन्ही पक्षांचं एकमत अजून झालेलं नाही. पण नोव्हेंबरच्या लोकसभेत त्यांच्या काँग्रेसबरोबरच्या आघाडीने ३९ पैकी ३८ जागा घेतल्या. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत अण्णाद्रमुकला १६४ जागा मिळाल्या, मित्रपक्ष काँग्रेसला ६० आणि द्रमुकला २. २४ जून १९९१ला ४३ वर्षांच्या जयललिता मुख्यमंत्री झाल्या.

इथे गोष्ट संपवली तर ती छान प्रेरणादायी होईल. पण इतिहास वाचायचा तर पुढचं पानही उलटायला हवं.

जयललितांना १९८९ने दोन गोष्टी शिकवल्या असाव्यात. एक, मतदार आपल्याशी आहे. दोन, आमदार-मंत्री कधीही दगा देतील. दुसरा धडा त्यांनी जरा जास्तच मनावर घेतला. पक्षात दुसरं डोकं वर येणार नाही याची त्यांनी व्यवस्था केली. ते लोटांगण म्हणजे नुसती चमचेगिरी नव्हती, ती त्या पक्षाची रचनाच होती. विचारणारं कुणी उरलं नाही, की काय होतं ते १९९६ला दिसलं : भ्रष्टाचाराच्या आरोपांखाली पक्ष चार जागांवर आला, त्या स्वतः बरगूरला पडल्या. नंतर त्या पुन्हा पुन्हा जिंकल्या, पण बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्याने शेवटपर्यंत पाठ सोडली नाही.

आणि ५ डिसेंबर २०१६ला गेल्या तेव्हा? वारस नेमला नव्हता. पुन्हा राजाजी हॉल, पुन्हा दोन तट, पुन्हा आमदारांची पळवापळवी, पुन्हा गोंधळातला विश्वासदर्शक ठराव. मार्च २०१७ मध्ये आयोगाने दोन पानं पुन्हा गोठवली. तीस वर्षं झाली तरी बग तोच. ज्या बाईने ही किंमत स्वतः मोजली होती, तिनेही तो दुरुस्त केला नाही.

कॅन्टीनमधल्या आमच्या भांडणाचं उत्तर मला यातून पूर्ण मिळालं नाही. आयोग आमदार मोजतो, कारण आमदार मोजता येतात. नंतर महाराष्ट्रात शिवसेनेचं आणि राष्ट्रवादीचं जे झालं, तेही मुख्यतः याच मोजणीने झालं, तुम्हाला ते बरोबर वाटो की चूक. पण मोजणीतून चिन्ह मिळतं. पक्ष कुणाचा हे ठरवायला कधी कधी सगळी ओळखीची चिन्हं बाजूला काढून, कोऱ्या कागदावर कोंबडा आणि कबुतर छापून लोकांपुढे ठेवावं लागतं.

घर सोडताना आंटींनी डब्यात बोडीचे वेलदोडे बांधून दिले. एमजीआरच्या फोटोशेजारी आता अम्मांचाही फोटो आहे. वडिलांना कोंबड्याचं शेवटपर्यंत कळलं नाही म्हणे.