धानपट्ट्यातील तलाव आणि ढिवरांची मासेमारी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखात हजारो लहान तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी शेततळी, आहेत. गोंड राजवटीत त्यांतील बरेचसे कोहळी समाजाने बांधले. नवेगावबांधचा जलाशय त्यांतला सर्वांत विस्तीर्ण. पाणी धानासाठी होते, पण तलावातून मासे काढण्याचे काम ढिवर समाजाकडे होते. पुढे मालगुजारी पद्धतीत तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात गेले. म्हणूनच त्यांना आजही मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात.

मालगुजारी रद्द करणारा कायदा 1950 साली झाला आणि तलाव सरकारजमा झाले. मासेमारी पुढे सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागली. ढिवरांना हक्क मिळाला, पण पाळीची डागडुजी आणि गाळउपसा मागे पडला. हे नुकसान मोठे होते.

मरळ, शिंगी असे स्थानिक मासे काठच्या उथळ, गवताळ पाण्यात आपोआप वाढत. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी कटकला संप्रेरक टोचून कार्पचे प्रजनन घडवले. त्यानंतर रोहू, कटला, मृगळ यांचे बीज विकत आणून सोडण्याची रीत पसरली. हे मासे वाहत्या पाण्यातले; साठलेल्या तलावात ते अंडी घालत नाहीत, त्यामुळे बीज पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. त्यातच बेशरम नावाच्या झुडपांनी काठ व्यापले. अलीकडे काही गावांत ढिवरांनी, विशेषतः स्त्रियांनी, बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आहेत.