पाळी गेल्यानंतरची स्त्री

स्त्रीचे आर्तव बाराव्या वर्षी सुरू होते आणि देह वार्धक्याने पिकला की पन्नाशीच्या सुमारास थांबते, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नमूद आहे. या विधानात भय नाही आणि रोगाची शंकाही नाही. मराठी घरांतही ‘विटाळ गेला’ असे म्हणताना प्रौढ स्त्रीच्या स्वरात पुष्कळदा सुटकेची छटा असे. देवघराची आणि स्वयंपाकघराची दारे आता तिला महिनाभर उघडी होत. तिच्या मनाचे आणि शय्यासुखाचे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नसे.

युरोपात या अवस्थेला ‘मेनोपॉज’ हे नाव १८२१ साली गार्दान या फ्रेंच वैद्याने दिले, आणि नावामागोमाग ती डॉक्टरांच्या ताब्यात गेली. १८५७ साली लंडनचे डॉक्टर एडवर्ड टिल्ट यांनी तिच्यावर एक ग्रंथच लिहिला. अंगातून उठणाऱ्या वाफा, घाम, निद्रानाश, चिडचिड अशा तक्रारी त्यांनी चिकाटीने नोंदविल्या, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु या वयात कामेच्छा वाढली तर तीही त्यांना विकृतीच वाटली! पुढे १८९६ मध्ये जर्मन मनोवैद्य क्रेपेलिन यांनी उतारवयातील खिन्नता हा एक स्वतंत्र रोग मानला आणि पाळी जाताना उदास झालेल्या कितीतरी स्त्रियांवर तो शिक्का बसला. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या रोगसूचीतून तो वगळला गेला. उदासीनता खोटी होती असे नव्हे. पाळी अनियमित होऊ लागते त्या वर्षांत काही स्त्रियांना, विशेषतः पूर्वी नैराश्य भोगलेल्यांना, ते पुन्हा गाठते. खोटे होते ते इतकेच, की पाळी गेली म्हणजे मन मोडणारच.

कामजीवनाचा प्रश्न प्रत्यक्ष स्त्रियांनाच विचारण्याचे धाडस फार उशिरा झाले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून स्त्रीच्या कामसुखाचा हक्क मांडून त्यापायी खटले सोसणारे रघुनाथ धोंडो कर्वे १९५३ साली निवर्तले. त्याच वर्षी अमेरिकेत किन्से यांचा सुमारे सहा हजार स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ निघाला. वयाबरोबर संबंध कमी होतात याला स्त्रीच्या इच्छेपेक्षा पतीचे वार्धक्य अधिक कारणीभूत असते, असा त्याचा निष्कर्ष होता. तो फारसा कोणाच्या पचनी पडला नाही.

त्याऐवजी लोकप्रिय झाले ते १९६६ चे रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचे पुस्तक. इस्ट्रोजेन हे संप्रेरक १९२९ मध्ये वेगळे काढता आले होते आणि १९४२ पासून गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनविलेल्या त्याच्या गोळ्या अमेरिकेत मिळत होत्या. विल्सन यांनी सांगितले की पाळी जाणे हा अभावाचा रोग असून या गोळ्यांनी स्त्री चिरतरुण राहते. त्या पुस्तकात पत्नीच्या सुखापेक्षा पतीच्या सोयीचीच काळजी अधिक दिसते. त्यांच्या कार्याला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे नंतर उघड झाले. १९७५ मध्ये केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पट अधिक आढळला, तेव्हा त्याला दुसऱ्या संप्रेरकाची जोड देण्यात आली.

जुलै २००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांवरील अमेरिकन चाचणी मुदतीपूर्वी थांबली. जोडगोळी घेणाऱ्यांत दर वर्षी दहा हजारांमागे स्तनकर्करोगाच्या सुमारे आठ रुग्णा अधिक निघाल्या होत्या. या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. पाळी नुकतीच गेलेल्या, वाफांनी हैराण झालेल्या पन्नाशीच्या स्त्रीसाठी तो आकडा जसाच्या तसा लागू नव्हता. पण भीती सर्वांनाच बसली आणि गरजवंतांनीही औषध टाकले.

त्या भीतीत योनिमार्गाचा कोरडेपणा आणि समागमातील वेदना या तक्रारी आणखी मागे पडल्या. वाफा बहुधा काही वर्षांत ओसरतात. कोरडेपणा उपचाराविना वाढत जातो. त्याच जागी अल्प मात्रेत वापरायच्या इस्ट्रोजेनने तो पुष्कळ आटोक्यात येतो, आणि रक्तात त्याचा अंश फारच थोडा उतरतो. २०१४ साली तज्ज्ञांनी या लक्षणसमूहाचे जुने, ‘शोष’ सुचविणारे नाव बदलले. तपासणीच्या खोलीत मात्र हा विषय आधी डॉक्टरांनी काढावा की स्त्रीने, या संकोचातच अजून कित्येकदा भेटीची वेळ संपून जाते.