गोपूजेकडून गोसेवेकडे

१९२७ सालच्या मार्च महिन्यात महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना कोल्हापूर मुक्कामी गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. नंदीच्या डोंगरावर काही आठवडे काढून जूनच्या आरंभी ते बंगळुरास आले आणि म्हैसूर संस्थानचे पाहुणे म्हणून कुमार पार्क येथे राहिले. या विश्रांतीच्या काळातच वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी नवी विद्या शिकावयास घेतली. बंगळूरच्या इंपीरियल दुग्धशाळेत ते जाऊ लागले आणि तेथील तज्ज्ञ विल्यम स्मिथ यांच्याकडून गुरांची निगा, पैदास, चारा व दूध यांचे शास्त्र समजून घेऊ लागले. ज्याने पंधरा वर्षांपूर्वीच गाईम्हशीचे दूध वर्ज्य केले होते, त्याने दुग्धशाळेची पायरी चढावी, हे नवल खरे. परंतु त्यामागे मोठा विचार होता.

गोरक्षणाची चळवळ त्यापूर्वी चार दशके देशात चालू होती. तिच्यात श्रद्धा होती, द्रव्यही होते; पण कित्येक ठिकाणी तिचे पर्यवसान कलहात झाले. १८९३ साली उत्तर हिंदुस्थानात उसळलेल्या दंग्यांच्या मुळाशी हाच वाद होता. ‘हिंद स्वराज्या’त गांधीजींनी १९०९ सालीच बजावले होते की, गाईला वाचविण्यासाठी माणसाला मारणे हा धर्म नव्हे, मुसलमान बांधवाची विनवणी करावी, त्याच्याशी वैर धरू नये. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या गोरक्षा परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि महाराष्ट्रातील गोसेवक चौंडे महाराज यांच्या प्रेरणेने १९२५ साली मुंबईच्या माधवबागेत अखिल भारतीय गोरक्षा मंडळ स्थापन झाले.

या मंडळाने घोषणा सोडून हिशेब हाती घेतला. गाय कसायाच्या दारी का जाते? ती मालकाला परवडत नाही, म्हणून जाते. निकृष्ट पैदास, अपुरा चारा आणि आटलेले दूध हीच तिची मारेकरी होत. गाय विकणारा बहुधा तिची पूजा करणाराच असतो, हे कटू सत्य गांधीजींनी हिंदूंना निर्भीडपणे सांगितले. म्हणून गाईचे दूध वाढले पाहिजे, आणि नैसर्गिक मरणाने मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे, मांस यांचे मोल झाले पाहिजे, असा त्यांचा सिद्धांत होता. दुग्धशाळेच्या जोडीला त्यांनी चर्मालय मागितले ते यासाठीच. सनातनी मनाला ही कल्पना रुचणारी नव्हती. पण तिच्यामुळे गाईवरील करुणा मेलेली गुरे सोलणाऱ्या अस्पृश्य माणसापर्यंतही पोहोचली. पुढे वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी असे चर्मालय चालवून दाखविले, आणि १९४१ साली जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे महिने वर्ध्यातील गोसेवा संघास वाहिले.

हे कार्य गांधीजींच्या अपेक्षेएवढे फैलावले नाही. घोषणेला गर्दी जमते. गोठा झाडावयास माणसे थोडीच येतात. तथापि बंगळूरची ती विद्या वाया गेली नाही. याच संस्थेत काही काळ शिकलेले वर्गीस कुरियन १९४९ साली आणंदला आले, आणि तेथील सहकारी संघाने दुधाचा रास्त दाम शेतकऱ्याच्या घरात पोहोचविला. गाय परवडू लागली, की तिच्या रक्षणासाठी कोणाशी भांडावे लागत नाही, हे गांधीजींनी आधीच ओळखले होते. ज्या जिवाचा कैवार घ्यावयाचा, त्याचा आहार, आजार आणि अर्थकारण आधी जाणून घ्यावे, आणि ज्याचे मन वळवावयाचे त्याला शत्रू मानू नये, हाच बंगळूरच्या त्या दिवसांचा बोध होय.