मोफत एसटी प्रवास (सातारा, सांगली)

एसटीच्या गाड्यांतून ठरावीक प्रवाशांना भाडे न घेता मिळणारा प्रवास आणि त्याने त्यांच्या येण्याजाण्यात पडणारा फरक. लक्झेंबर्गप्रमाणे (२०२० पासून) सरसकट सर्वांना फुकट, अशी ही सोय नाही.

पंच्याहत्तरी गाठलेल्यांसाठी ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना’ २६ ऑगस्ट २०२२ ला सुरू झाली. पासष्टीपुढच्यांना अर्धे तिकीट होतेच. १७ मार्च २०२३ पासून ते सर्व महिलांना मिळते. खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. त्याच गाडीने त्याच शाळेत जाणारा भाऊ मात्र एकतृतीयांश भाडे भरतो.

वाहक आधार कार्ड पाहतो आणि मशिनमधून शून्य रुपयांचे तिकीट काढून हातात देतो. फुकटच्या प्रवासाला तिकीट कशाला, असे वाटेल. पण शासनाकडून मिळायची भरपाई याच चिठ्ठ्यांच्या हिशेबावर ठरते.

मिरजेला दवाखान्यात फेरतपासणी, गोंदवल्याचे किंवा औदुंबरचे दर्शन, लेकीचे घर : म्हातारपणी ज्या फेऱ्या ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून राहतात, त्यांच्यासाठी मुलाकडे पैसे मागायची गरज उरत नाही. योजनेचा खरा लाभ हाच मानावा. सगळा प्रवास नवा नसतो, हेही खरे. एस्टोनियातील टॅलिन शहराने २०१३ मध्ये रहिवाशांना बस मोफत केली, तेव्हा मोटारींपेक्षा पायी चालणेच जास्त घटले. इकडे स्पर्धा वडापशी, म्हणजे खासगी जीपशी. जीपवाला सवलत देत नाही, पण भरली की निघतो. एसटी फुकट, पण तिची वाट पाहावी लागते. घाईतला माणूस वडाप पकडतो, वेळ हाताशी असलेला म्हातारा थांबतो.

मोफत तिकीट गाडीची फेरी वाढवत नाही. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरातल्या वाड्यांना रात्रीची मुक्कामी गाडी आणि तिची पहाटेची परतफेरी हाच आधार. ती चुकली की ‘अमृत’ही खिशातच. शहरी बसला ही सवलत नाही, त्यामुळे सांगली-मिरजेत गाडी एसटीचीच असूनही आजोबांना सुटे पैसे काढावे लागतात. शिवाय सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. कर्नाटकाची ‘शक्ती’ योजना (११ जून २०२३) तिथल्या रहिवासी महिलांपुरती. त्यामुळे अथणीकडे माहेर असलेल्या जतच्या ऐंशीच्या आजीला शून्याच्या तिकिटाबरोबर पैशाचे तिकीटही घ्यावे लागते.