हाडे सांधणारे जैवपदार्थ : प्राण्यांवरील चाचणी कशी होते?

सरस्वती महाल ग्रंथालयामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तंजावूर येथे शास्त्रा अभिमत विद्यापीठाचे नॅनोतंत्रज्ञान व प्रगत जैवपदार्थ केंद्र आहे. शरीरातील ऊतींची हानी भरून काढणाऱ्या पदार्थांवर तेथे संशोधन चालते. इंजेक्शनद्वारे हाडात सोडता येणारे पदार्थ ही या शास्त्राची महत्त्वाची शाखा आहे.

अपघातामुळे किंवा गाठ काढल्यामुळे हाडात पोकळी राहते. ती भरण्यासाठी बहुधा रुग्णाच्याच कमरेचे हाड घेतले जाते; त्यामुळे दुसरी जखम होते. कॅल्शियम फॉस्फेटचे सिमेंट मात्र सुईवाटे वेड्यावाकड्या पोकळीत शिरते आणि तेथेच घट्ट होते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील संशोधकांनी अशा पूर्णतः इंजेक्शनयोग्य सिमेंटची माहिती 2003 मध्ये प्रसिद्ध केली.

प्रयोगशाळेत पदार्थाची घट्ट होण्याची वेळ, बळकटी आणि पेशींवरील परिणाम तपासल्यावर प्राण्यांची पाळी येते. भूल दिलेल्या सशाच्या मांडीच्या हाडात छिद्र पाडून त्यात पदार्थ भरतात. तुलनेसाठी दुसरे छिद्र रिकामे ठेवतात. रिकामे छिद्र आपोआप भरून आले, तर पदार्थाचा गुण सिद्ध होत नाही. काही आठवड्यांनी क्ष-किरण चित्रण करतात. त्यानंतर हाडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून नवे हाड, उरलेला पदार्थ आणि दाह पाहतात. आयएसओ 10993 या मानकाच्या सहाव्या भागात या तपासणीची पद्धत दिली आहे.

या चाचणीला मर्यादाही आहेत. सशाचे हाड माणसाच्या हाडापेक्षा लवकर भरते. प्रयोगातील प्राणी निरोगी असतात, तर रुग्ण अनेकदा वृद्ध आणि ठिसूळ हाडांचे असतात. पदार्थ शिरेतून फुप्फुसाकडे वाहून जाण्याचा धोका लहान छिद्रात कळेलच असे नाही. म्हणून मेंढी किंवा शेळीसारख्या मोठ्या प्राण्यांवरही चाचणी घेतली जाते.

भारतात 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम आणि प्राण्यांवरील प्रयोगांबाबतचे 1998 चे नियम यांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आवश्यक असते. प्राण्यांची संख्या, भूल आणि वेदनाशमन यांचा विचार ही समिती करते. रुग्णांवरील चाचणीसाठी 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार स्वतंत्र परवानगी लागते.

सशातील यशाची बातमी वाचताना प्राणी कोणता होता, निरीक्षण किती काळ झाले आणि रिकाम्या छिद्राचे काय झाले, हे पाहावे. उपचार रुग्णापर्यंत पोहोचण्यास किती अवकाश आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.