आधी लिहिणाऱ्याची सोय

२०१२च्या विधानसभा निवडणुकीत समाजवादी पक्षाने उत्तर प्रदेशातल्या मुलांना दोन वचनं दिली होती. दहावी पास झालेल्याला टॅब्लेट मिळेल आणि बारावी पास झालेल्याला लॅपटॉप. त्या मार्चमध्ये अखिलेश यादव मुख्यमंत्री झाले. ११ मार्च २०१३ला लखनौत लॅपटॉपचं वाटप सुरू झालं आणि मग ते जिल्ह्याजिल्ह्यांत गेलं. एचपी कंपनीची सुमारे १५ लाख यंत्रं, प्रत्येकी १९ हजारांच्या थोडी वर किंमत, १४ इंची पडदा, ५०० जीबीची साठवण. दहावीच्या मुलांचे टॅब्लेट मात्र आलेच नाहीत. ही योजना किती यशस्वी झाली याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. मला तिच्यातला क्रम जास्त विचार करण्याजोगा वाटतो. लहान मुलाच्या हातात आधी वाचायचं, बघायचं यंत्र द्यावं आणि तो मोठा झाला की लिहायचं, असं या क्रमामागे गृहीत आहे. किमतीचा हिशेब त्यात होताच. पण वाचन हे पहिलं काम आणि लेखन हे नंतरचं, ही समजूतही त्यात आहे, आणि टॅब्लेट घ्यावा की लॅपटॉप या रोजच्या प्रश्नात आपण सगळेच ती न तपासता वापरतो. याच राज्यातल्या काशीत विद्येची साधनं निवडण्याचा चारेकशे वर्षांचा लेखी पुरावा आहे, आणि तो या समजुतीच्या उलट जातो.

पोथीपासून सुरुवात करू. काशीतली कागदी पोथी म्हणजे आडवी, सुटी पानं. ओळी लांब बाजूने धावतात, डाव्या-उजव्या बाजूला मोकळा समास असतो, पानाच्या पाठीमागच्या समासात ग्रंथाचं आखूड नाव आणि पानाचा आकडा. वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती बासन. चूक झाली तर त्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासून वर नवं अक्षर लिहायचं. शब्द राहून गेला असेल तर ओळीत खूण करून तो समासात घ्यायचा. ज्या ग्रंथाला टीका आहे त्याचं मूळ पानाच्या मधोमध ठसठशीत अक्षरात आणि टीका त्याच्या वर व खाली बारीक अक्षरात, अशी त्रिपाठ पद्धत होती. मूळ वाचताना टीकेसाठी पान उलटावं लागत नसे. हे पान नीट बघितलं की लक्षात येतं, ते केवळ वाचण्यासाठी बेतलेलं नाही. तो मोकळा समास पुढच्या माणसाने लिहावं म्हणूनच आहे. पानं सुटी असल्यामुळे एक पोथी चार विद्यार्थ्यांत वाटून एकाच वेळी चौघांनाही उतरवता येई. एखादं पान फाटलं किंवा हरवलं तर तेवढंच नव्याने लिहून घालत. जुन्या पोथ्यांत मधलीच काही पानं वेगळ्या हस्ताक्षरात आणि वेगळ्या कागदावर सापडतात ती अशी. बांधणीचा ग्रंथ काशीकरांना अपरिचित नव्हता. फारशी किताबा त्याच शहरात तयार होत होत्या, विकल्या जात होत्या. तरीही शास्त्री मंडळींनी सुटं पान सोडलं नाही, आणि ते सवयीच्या गुलामीमुळे नव्हे. त्यांच्या कामाला तेच सोयीचं होतं.

हे काम काय होतं ते मराठी घराण्यांच्या इतिहासातून चांगलं दिसतं. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीला आले. त्यांचा मुलगा नारायणभट्ट याने ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला, त्याच घराण्यातल्या कमलाकरभट्टाने १६१२मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला, आणि १६७४ला रायगडावर राज्याभिषेक करणारे गागाभट्टही त्याच घरचे. धर्मशास्त्राचा निबंध लिहायचा म्हणजे शेकडो ग्रंथांतली वचनं एकत्र आणून एकमेकांसमोर ठेवायची. त्यासाठी नुसतं वाचून भागत नाही. उतरवावं लागतं, जुळवावं लागतं, खोडावं लागतं. कोपरगावकडून काशीला गेलेल्या नीलकंठ चतुर्धरांनी सतराव्या शतकात महाभारतावर टीका लिहिली, तेव्हा त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतल्या प्रती गोळा करून पाठ ताडून पाहिले. पाच-सहा प्रतींची पानं समोर पसरून एकेका श्लोकाचा पाठ ठरवणं हे काम सुट्या पानांवर होतं, बांधलेल्या जाड ग्रंथांवर ते फार जड जातं. याच शतकात गोदावरीकाठचे कवींद्राचार्य सरस्वती काशीत होते. शाहजहानकडे रदबदली करून त्यांनी यात्रेकरूंवरचा कर रद्द करवला म्हणून त्यांचं नाव देशभर झालं. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची यादी १९२१मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली गेली, तिच्यात २,१९२ नोंदी आहेत. १६६०च्या दशकात काशीत आलेल्या फ्रेंच प्रवासी बर्निएने तिथे पुस्तकांनी भरलेलं दालन बघितल्याचं लिहून ठेवलं आहे. एवढा साठा छापखान्याशिवाय उभा राहिला तो हातांवर. अनेक पोथ्यांच्या शेवटी लेखक सांगतो की ही प्रत त्याने स्वतःसाठी आणि इतरांसाठी केली. शिकणारा आणि लेखनिक यांच्यात फारसं अंतर नव्हतं. लहान पोरही त्याच रस्त्याने जाई. काशीच्या भागात काजळी फासून घोटलेली लाकडी पट्टी, खडीचं पाणी आणि बोरू, ही त्याची पहिली सामग्री. वाचायचा ग्रंथ त्याच्या हाती पडायच्या कितीतरी आधी लिहायची फळी पडे.

छपाई आल्यावर हे सगळं मोडलं असं सरधोपट सांगितलं जातं. काशीत तसं घडलं नाही. १७९१मध्ये जोनाथन डंकन यांनी स्थापलेल्या संस्कृत पाठशाळेत १८४२पासून बापूदेव शास्त्री गणित आणि ज्योतिष शिकवत होते. नगरकडचं हे चित्पावन घराणं. त्यांनी बीजगणितावर हिंदीत पुस्तक लिहिलं आणि छापलेलं पुस्तक वर्गात आणलं. म्हणजे नव्या साधनाला पंडितांचा आंधळा विरोध नव्हता. पण साधन निवडताना त्यांची कसोटी जुनीच राहिली. एकोणिसाव्या शतकात काशीत संस्कृत ग्रंथांसाठी शिळाछाप फार चालला. कारण उघड आहे. शिळेवर लेखनिकाचं अक्षर जसंच्या तसं उमटतं, मुळाभोवती टीका गुंफता येते, पान आडवं आणि सुटं ठेवता येतं. खिळ्यांच्या छपाईत हे सगळं महाग आणि अवघड. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला राजारामशास्त्री आणि त्यांचे शिष्य बाळशास्त्री रानडे यांनी पतंजलीचं महाभाष्य काशीत शिळाछापावरच काढलं. कीलहॉर्नची खिळ्यांवर छापलेली चिकित्सक आवृत्ती मुंबईहून १८८० ते १८८५ या काळात आली. पुढे १९३०मध्ये याच शहरात आणखी एक निवड करावी लागली. सरकारी वटहुकुमाने वर्तमानपत्रांचे गळे आवळले तेव्हा ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णु पराडकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक सायक्लोस्टाइलवर काढलं. पराडकर काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ आणि हिंदी पत्रकारितेतलं पहिल्या रांगेतलं नाव. मोठा छापखाना सुबक छापतो, पण तो जागेवरून हलत नाही आणि त्याला कुलूप लावता येतं. सायक्लोस्टाइल एका घरातून दुसऱ्या घरात नेता येतं. छपाई वाचायला कशी दिसेल हा विचार तिथे दुय्यम ठरला, आणि योग्यच ठरला.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की नकला उतरवणं ही नाइलाजाची गोष्ट होती. छापील पुस्तक नव्हतं म्हणून लोक लिहीत बसले. त्या मजबुरीला गुण कशाला म्हणायचं? मजबुरी होती हे खरं. पण छपाई आल्यावर ती संपली, तरी हातात बोरू राहिलाच. नकला करणं घटलं, समासात लिहिणं घटलं नाही. पाठ ताडण्याचं काम तर छापील आवृत्त्यांमुळे वाढलं. गरज नकलेची होती तोवर ती नकलेतून भागली, नंतर टिपणांतून. दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. काशीतली विद्या मुखोद्गत होती, वैदिकाला पोथीचीही गरज नव्हती, मग साधनांवर एवढा खल कशासाठी? वेदपठणापुरतं हे मान्यच करायला हवं. पण न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष यांचं तसं नाही. नागेशभट्टांसारख्या वैयाकरणाने मागे ठेवलेला ग्रंथसंभार नुसत्या पाठांतरातून तयार होत नाही. आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वती भवनात लाखाच्या आसपास हस्तलिखितं आहेत, ती लिहिणाऱ्यांनी मागे ठेवलेली आहेत.

आता यंत्रांकडे वळू. २००७च्या ऑक्टोबरमध्ये असूसचा ‘ई पीसी’ बाजारात आला: सात इंची पडदा, वजन किलोच्या आत, साठवण अवघी चार जीबी. पुढच्या वर्षी जानेवारीत आपल्याकडे एचसीएलने ‘मायलीप’ काढला, किंमत १४ हजारांच्या आत. ही नेटबुकं. त्यांचे दोष खरे होते. कळा अरुंद, पडद्यावर चार ओळी कमी, यंत्र मंद. तरी दप्तरात मावणारं, स्वस्त आणि कळफलक असलेलं दुसरं काही तेव्हा नव्हतं. २०१०मध्ये आयपॅड आला आणि दोन-तीन वर्षांत नेटबुकं दुकानांतून गेली. ती लिहिणाऱ्याला अपुरी पडली म्हणून गेली नाहीत. बघणाऱ्याला टॅब्लेट अधिक देखणा वाटला आणि बाजारात बघणारे जास्त होते. गरीब विद्यार्थ्याचं यात मोठं नुकसान झालं असं माझं मत आहे. ५ ऑक्टोबर २०११ला केंद्र सरकारने ‘आकाश’ आणला, सव्वादोन हजारांच्या आसपासचा टॅब्लेट: सात इंची, बोट दाबून उमटवावं लागे असा पडदा, २५६ एमबी स्मृती. पुढे मुंबई आयआयटीने हे काम हाती घेतलं आणि नोव्हेंबर २०१२मध्ये बरीच सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. स्वस्ताईचं ध्येय उदात्त होतं. पण विद्यार्थ्याने त्यावर करायचं काय, याचं उत्तर धडे बघायचे आणि पुस्तकं वाचायची यापलीकडे फारसं गेलं नाही. दोन पानांचा निबंध देवनागरीत त्या पडद्यावर टंकायचा म्हणजे काय होतं, हे ज्याने केलं असेल त्याला विचारावं.

टॅब्लेटची बाजूही नीट मांडायला हवी. वाचनापुरता तो उत्तम आहे, आणि पोथीच्या बाबतीत तर विशेष. स्कॅन केलेलं आडवं पान आडव्या धरलेल्या टॅब्लेटवर पूर्ण मावतं, बोटांनी समास मोठा करून पुसट अक्षर लावता येतं, मांडीवर घेऊन बसता येतं. ज्याला रोज ग्रंथ वाचायचे, पाठ म्हणायचे, प्रवचनं ऐकायची, त्याने लॅपटॉपचं ओझं का वाहावं? त्याने टॅब्लेटच घ्यावा. वेगळा कळफलक जोडला की टॅब्लेटवरही लिहिता येतं, असंही कोणी म्हणेल. येतं. पण तो कळफलक आणि टेकण वेगळं विकत घ्यायचं, ते धरून किंमत साध्या लॅपटॉपच्या जवळ जाते, आणि दोन ग्रंथ शेजारी उघडून तिसऱ्यात लिहायचं म्हटलं की पडदा अपुरा पडतो. नीलकंठांनी जे पानं पसरून केलं त्याला जागा लागतेच.

दुरुस्तीचा मुद्दा निवडताना सहसा कोणी काढत नाही, आणि मला तो किमतीइतकाच मोठा वाटतो. बहुतेक टॅब्लेटांची बॅटरी आत चिकटवलेली असते, स्मृती वाढवता येत नाही, पडदा फुटला की दुरुस्ती नव्या यंत्राच्या जवळ जाते. साध्या, थोड्या जाड लॅपटॉपची बॅटरी बदलता येते, रॅम वाढवता येते, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की मंदावलेलं यंत्र आणखी काही वर्षं कामाला येतं. २०१३मध्ये वाटलेल्या लॅपटॉपांवर विंडोज आणि उबंटू अशा दोन्ही प्रणाली होत्या. दुसरी फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही चालते. २५ डिसेंबर २०२१ला लखनौत पुन्हा वाटप सुरू झालं, या वेळी ६० हजार स्मार्टफोन आणि ४० हजार टॅब्लेट. लॅपटॉप यादीत नव्हता. वाराणसीतल्या ज्या मुलाला पदवीचा प्रबंध हिंदीत लिहायचा आहे, किंवा आजोबांच्या पोथ्यांची यादी करायची आहे, त्याला नवा टॅब्लेट मिळाला तरी हाताखाली एखादा जुना, नीट करून घेतलेला लॅपटॉप लागणारच आहे, आणि घरातले पैसे मोजकेच असतील तर ते आधी त्यावर घालावेत.